दाब पंधरा, तरी नजर उतरतीला: एका खानावळीतलं काचबिंदूचं प्रकरण

रुग्ण ६१ वर्षांच्या बाई, राहणार कोल्हापूर. बरीच वर्षं खानावळ चालवतात. कॉलेजची मुलं आणि एकटे राहणारे नोकरदार मिळून सकाळ-संध्याकाळ पन्नासेक डबे जातात. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. इथे त्यांना काकूच म्हणतो, ओपीडीतही तेच म्हणत होतो. आधीच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीतला मजकूर थोडका होता: चार औषधांवर डोळ्याचा दाब १५, तरी फील्ड (नजरेच्या आवाक्याची तपासणी) बिघडतंय, उजव्या डोळ्याच्या ट्रॅबेक्युलेक्टमीसाठी (डोळ्यातलं पाणी निघायला नवी वाट करण्याच्या शस्त्रक्रियेसाठी) पाठवत आहे.

काचबिंदूच्या कामात अशी चिठ्ठी नवी नाही. आकडा चांगला आणि डोळा मात्र खालावतोय, असं दिसलं की दोन वाटा असतात. आकडा खरा धरून पुढच्या पायरीवर जायचं, नाहीतर आधी आकड्यावरच शंका घ्यायची. या प्रकरणात दुसऱ्या वाटेनं गेल्यामुळे काय हाती लागलं, ते सविस्तर लिहितो. काकूंची संमती आहे. त्यांचं म्हणणं, "लिवा की, दुसऱ्या बाईला तरी कळंल."

आधीचा इतिहास

तीन वर्षांपूर्वी काकू जवळचा चष्मा बदलायला गेल्या होत्या. तक्रार एवढीच की तांदूळ निवडताना खडे सुटायला लागले होते. पांढऱ्या तांदळातला पांढरा खडा. मोतीबिंदू असेल, पिकला की काढू, अशी त्यांची मनाची तयारी होती. तपासणीत उजव्या डोळ्याचा दाब २८ आणि डाव्याचा २६ मिमी पारा निघाला. साधारणपणे १० ते २१ या पट्ट्यात तो असतो. दृष्टिमज्जेच्या (डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेच्या) तोंडाशी असणारा खळगा त्या तोंडाच्या मानानं उजवीकडे ०.८ आणि डावीकडे ०.७ इतका रुंदावला होता. बुबुळाचा कोन, म्हणजे डोळ्यातलं पाणी बाहेर पडायची जागा, उघडा होता. कॉर्नियाची (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची) जाडी ५०५ मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे सरासरीपेक्षा पातळ. पातळ कॉर्नियावर दाब मोजला की खऱ्यापेक्षा कमी दिसतो, त्यामुळे त्यांचा २८ हा प्रत्यक्षात थोडा वरचाच असणार.

खड्यांची तक्रार ऐकताना क्षुल्लक वाटते, पण तिच्यात बरंच काही आहे. काचबिंदूत डोळ्यांसमोर काळा पडदा येतो ही समजूत चुकीची आहे. एका डोळ्याची उणीव दुसरा डोळा भरून काढतो, उरलेलं मेंदू आपल्या अंदाजानं भरतो, आणि माणसाला कुठेच काळं दिसत नाही. आधी जाते ती फिक्यातलं फिकं ओळखण्याची क्षमता, नाहीतर पायरीचा अंदाज. काकूंच्या उजव्या डोळ्याची नुकसानी खालच्या भागात होती. ओट्याजवळचा उंबरा त्यांना अधूनमधून लागायचा आणि त्याचा दोष त्या चपलेला द्यायच्या.

लॅटानोप्रोस्ट रात्री एक थेंब, असं औषध सुरू झालं. काही महिन्यांनी एका भेटीत दाब १९ आला म्हणून टिमोलॉल जोडलं गेलं. पुढे त्याच्या जागी डॉर्झोलामाइड आणि टिमोलॉल एकत्र असलेली बाटली आली. फील्ड घसरल्यावर ब्रिमोनिडीन. म्हणजे बाटल्या तीन, औषधं चार, आणि प्रत्येक डोळ्यात दिवसाला पाच थेंब. दोन औषधांमध्ये पाच मिनिटांचं अंतर ठेवायचं असतं, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन काढतो. हा हिशेब कागदावर बसतो. पन्नास डबे भरणाऱ्या बाईच्या दिवसात तो कुठे बसवायचा, हे कोणी विचारलं नव्हतं.

नोंदवहीतले दाब मात्र उत्तम होते: १६, १४, १५, १५. त्याच काळात उजव्या डोळ्याच्या हम्फ्री फील्डची सरासरी घट उणे ६.२ डेसिबलवरून ७.१ आणि मग १०.४ वर गेली होती (आकडा जितका मोठा, तितकी नजर जास्त गेलेली). डाव्याची २.८ वरून ४.६.

दाब चांगला असताना फील्ड का घसरतं

पहिल्या भेटीत आमच्याकडेही दाब १५ आणि १४ आला. शस्त्रक्रियेची तारीख न देता आधी शक्य कारणांची यादी तपासायला घेतली.

मोतीबिंदू वाढला की फील्डची सरासरी खाली येते, पण ती सगळीकडे सारखी येते. इथे घट एका कमानीत खोल होत चालली होती आणि ओसीटीवर (डोळ्याच्या आतल्या थरांच्या स्कॅनवर) त्याच जागचा मज्जातंतूंचा थर पातळ झाला होता. मेंदूत गाठ वगैरे असेल तर मज्जा खळग्याच्या मानानं जास्त फिकी दिसते आणि फील्डची घट उभ्या मध्यरेषेशी थांबते. तसं काही नव्हतं. गुडघ्यांसाठी कोणाकडून पुड्या घेता का, असं मुद्दाम विचारलं. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं आणि स्टेरॉइडनं डोळ्याचा दाब चढतो, मग ते गोळीतलं असो, मलमातलं असो किंवा लाल डोळ्यासाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या ड्रॉपमधलं. नाही म्हणाल्या, आणि घरच्यांनीही नाहीच सांगितलं.

दोन गोष्टी मात्र सापडल्या. रक्तदाबाची गोळी त्या झोपताना घेत होत्या. रात्री रक्तदाब आधीच उतरतो. तो आणखी उतरला तर मज्जेचा रक्तपुरवठा कमी पडू शकतो. डोळ्याचा दाब आणि अंगातला रक्तदाब वेगळे असतात, हे इथे सांगून ठेवावं लागतं. बीपीची गोळी चालू आहे म्हणजे डोळ्याचंही झालं, असं समजून थेंब सोडणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्या फिजिशियनना विचारून गोळी सकाळी हलवली. दुसरी गोष्ट उषःपानाची. पहाटे उठल्याबरोबर तांब्याभर पाणी एका दमात प्यायची त्यांची सवय होती. लिटरभर पाणी पाच मिनिटांत प्यायलं तर डोळ्याचा दाब काही काळ वर जातो, आणि काचबिंदूच्या डोळ्यात जास्तच जातो. ताण-चाचणी म्हणून हेच पाणी पाजून दाब मोजण्याची पद्धतही आहे. पाणी बंद करायची गरज नाही, घोट घोट प्यायलं की झालं. (शीर्षासनाचं असं नाही. त्यात दाब जवळजवळ दुपटीनं चढतो. काचबिंदू असलेल्यानं ते सोडलेलंच बरं, योगवर्गातले गुरुजी काही म्हणोत.)

पण या दोन्हींनी तीन वर्षांत चार डेसिबलची घसरण समजावता येईना. यादीत शेवटचा प्रश्न उरला होता: थेंब डोळ्यात पोचतो का?

"काकू, थेंब घालता ना नेमानं?"

"घालतोय की! न घालून सांगतोय कुणाला?"

हे उत्तर काही सांगत नाही, कारण प्रश्नच तसा आहे. त्याला नाही म्हणणारा रुग्ण विरळा. सगळ्या बाटल्या आणि मेडिकलची बिलं पुढच्या वेळी घेऊन या, असं सांगून पाठवलं. आणि सख्ख्या भावंडांची तपासणी करून घ्या, असंही. आई-वडील, भावंडं, मुलं यांपैकी कोणाला काचबिंदू असेल तर आपला धोका कित्येक पटींनी वाढतो, आणि आपल्याकडे घराघरांत हे तपासलंच जात नाही. दक्षिण भारतातल्या मोठ्या पाहण्यांत काचबिंदू सापडलेल्या दहांपैकी नऊ जणांना तोवर त्याचा पत्ताच नव्हता.

बहिणीबरोबर आल्या तो दिवस

पाचेक आठवड्यांनी काकू धाकट्या बहिणीला घेऊन आल्या. स्वतःची तारीख पुढच्या महिन्यातली होती. बहिणीचं सगळं ठीक निघालं, वर्षानं पुन्हा या म्हणून सांगितलं. आलाच आहात तर बसा, म्हणून काकूंचाही दाब पाहिला. उजवा २७, डावा २५.

दहा मिनिटांनी यंत्र तपासून पुन्हा मोजला, तेवढाच. तीन वर्षांपूर्वी औषधाविना होता तिथे जाऊन तो बसला होता.

आता बिलं समोर घेतली. लॅटानोप्रोस्टची अडीच मिलिलिटरची बाटली. थेंब सुमारे ३० मायक्रोलिटरचा धरला तर बाटलीत ऐंशीएक थेंब. दोन डोळ्यांत रोज एक म्हटलं तर महिन्याला साठ लागतात, थोडे सांडतात, आणि उघडलेली बाटली चार ते सहा आठवड्यांनी टाकून द्यायची असते. वर्षाला दहा-बारा बाटल्या लागायला हव्यात. बिलं पाच बाटल्यांची होती.

मग कृत्रिम अश्रूंची बाटली हातात देऊन म्हटलं, घरी घालता तसा घाला. काकू उभ्या राहिल्या, मान मागे टाकली, हात वर केला. पहिला थेंब गालावर पडला, दुसरा भुवईवर. तिसऱ्याला बाटलीचं टोक पापणीला लागलं. चौथा आत गेला आणि त्यांनी डोळा गच्च मिटून पदरानं पुसून घेतला. म्हणजे एका डोळ्यामागे चार थेंब, रात्रीला आठ. पाच बाटल्यांचे चारशे थेंब भागिले आठ केलं की वर्षात पन्नास रात्री येतात. भेटी वर्षाला चार. प्रत्येक भेटीआधी बारा-पंधरा रात्री.

तेवढ्यात काकूंनीच ते बोलून दाखवलं. "तारीख जवळ आली की घालतोय रोज. तुमच्यापुढं पास व्हायला नको व्हय?"

लॅटानोप्रोस्टचा परिणाम बारा तासांच्या आत शिखरावर जातो आणि काही दिवसांच्या नियमित वापरात दाब स्थिरावतो. पंधरा दिवस मन लावून थेंब घातले तर ओपीडीतला आकडा सुंदर येणारच. तो आकडा खोटा नव्हता. तो त्या पंधरवड्यापुरता खरा होता. उरलेल्या वर्षभर डोळा २७ वर चालला होता, आणि नोंदवही १५ म्हणत असल्यामुळे फील्ड घसरलं की औषध वाढवलं जात होतं. जे घातलंच जात नाही त्यात भर पडत होती.

का घालत नव्हत्या

इथे "रुग्ण ऐकत नाहीत" असा शेरा मारून प्रकरण मिटवता येतं, आणि बरेचदा तसंच होतं. काकूंना एकेका बाटलीबद्दल वेगळं विचारलं तेव्हा प्रत्येकीचं कारण वेगळं निघालं, आणि एकही आळसाचं नव्हतं.

रात्रीची लॅटानोप्रोस्ट: वेळ नऊची सांगितलेली. नऊ म्हणजे जेवणाऱ्यांची दुसरी पंगत. त्यानंतर भांडी, उद्याची कणीक, आणि साडेअकराला अंथरूण. शिवाय थेंब भयंकर झोंबतो, असं त्या सांगत. लॅटानोप्रोस्ट थोडी चुणचुणते, पण इतकी नाही. हाताकडे पाहिल्यावर उलगडा झाला. हळदीनं पिवळी झालेली बोटं, आणि दिवसभर कांदा-लसणाच्या चटणीत वावरलेली. उन्हाळ्यात तर चटणी कुटून आणायचे दिवस, तेव्हा महिनाभर मिरचीचा खकाणा नखांतून जात नाही. त्याच बोटानं खालची पापणी ओढायची. झोंबणार नाही तर काय? बाटली ठेवायची जागा गॅसशेजारची फळी. हे औषध उष्णता आणि उजेड सोसत नाही. न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये आणि उघडलेली २५ अंशांखाली ठेवायची असते. स्वयंपाकघरातल्या फळीवर एप्रिलमध्ये किती अंश असतात ते कोल्हापूरकरांनीच सांगावं.

डॉर्झोलामाइडची कथा मला सगळ्यात बोलकी वाटते. हे औषध घातल्यावर बऱ्याच रुग्णांच्या तोंडाला कडवट चव येते. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून एक नळी नाकात उतरते, थेंबाचा मोठा वाटा तिथून नाकात, घशात आणि पुढे रक्तात जातो. काकूंचा धंदा जिभेवर. सकाळी थेंब घालून आमटी चाखली की आमटी कडू लागायची. मीठ वाढवलं, गूळ वाढवला, आणि एक दिवस मुलांनी डबे अर्धे परत पाठवले. त्या दिवसापासून ती बाटली कपाटात गेली. डॉक्टरांना का नाही सांगितलं? "डोळ्याच्या औषधानं आमटी कडू हुती, हे कोण खरं मानणार?"

ब्रिमोनिडीननं दुपारी गुंगी यायची आणि डोळे लाल व्हायचे. पापणीच्या आत ॲलर्जीचे दाणे आम्हालाही दिसले होते. त्यात तिन्ही बाटल्यांमधलं बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे परिरक्षक (औषध खराब होऊ नये म्हणून घातलेलं रसायन) डोळ्याच्या पृष्ठभागाला कोरडं करतं. जितक्या बाटल्या तितकं ते जास्त.

आणि या सगळ्याच्या मुळाशी काचबिंदूचा जुना पेच आहे. थेंब घातला तर काहीच बरं वाटत नाही, उलट झोंबतं. नाही घातला तर काहीच बिघडल्यासारखं वाटत नाही. गुडघ्याची गोळी चुकली की गुडघा आठवण करून देतो. डोळा गप्प असतो.

आता सगळं शिकवून मोकळं व्हायचं?

नाही, आणि या मुद्द्यावर थोडं थांबायला हवं. समजा त्या दिवशी थेंब घालायची रीत शिकवली आणि चारही औषधं नेमानं घ्या म्हणून सांगितलं, तर काय झालं असतं? टिमोलॉल हे बीटा-ब्लॉकर आहे. डोळ्यातून शिरलं तरी रक्तात जातं, तेही यकृताला वळसा घालून थेट. नाडी मंदावते, आणि दम्याच्या किंवा धुरानं खराब झालेल्या फुप्फुसाच्या रुग्णात श्वासनलिका आवळू शकते. काकूंनी उमेदीची वर्षं चुलीपुढे काढली होती. जिना चढताना धाप लागते म्हणत होत्या. नाडी ५६. थोडेच दिवस घातलेल्या टिमोलॉलनं जे दिसलं नव्हतं, ते रोजच्या टिमोलॉलनं दिसलं असतं.

त्यांच्या फिजिशियनकडे चिठ्ठी पाठवली. त्यांना हे थेंब चालू असल्याचंच माहीत नव्हतं. कोणती औषधं घेता, या प्रश्नाला काकूंनी गोळ्या सांगितल्या होत्या. ड्रॉप हे औषध आहे, ही गोष्ट त्यात धरली नव्हती. फुंकर-चाचणीत श्वासनलिका आकसलेल्या निघाल्या. टिमोलॉल कायमचं बंद. ही नोंद आता त्यांच्या प्रत्येक कागदावर ठळक आहे, कारण टिमोलॉल स्वस्त आहे, सगळीकडे मिळतं आणि कोणीही सहज लिहून देतं.

तेव्हा आधी वजाबाकी केली. चार औषधांतून एकच ठेवलं: परिरक्षक नसलेलं लॅटानोप्रोस्ट, दिवसातून एकदा. रात्रीची वेळ बदलली. या गटातलं औषध संध्याकाळी किंवा रात्री घालायचा प्रघात आहे, आणि नव्या रुग्णाला मीही तेच सांगतो. पण रोज सकाळी घातलेला थेंब कधीतरी रात्री घातलेल्या थेंबापेक्षा केव्हाही चांगला. काकूंचा दिवस पाचला सुरू होतो. अंघोळ झाली, चहाचं आधण ठेवलं, अजून मिरची-मसाल्याला हात लागलेला नाही, अशी दहा मिनिटं त्यांच्या दिवसात एवढीच असतात. बाटली फ्रिजच्या दारात, अंड्यांच्या कप्प्यात.

रीत अशी बसवली. खाटेवर आडवं व्हायचं, उशी काढून. डाव्या हातानं खालची पापणी किंचित ओढून तिथे खोबण करायची, बाटलीचा हात कपाळावर टेकवायचा म्हणजे हलत नाही, आणि नजर वर. एकच थेंब. डोळ्याच्या त्या खोबणीत पूर्ण एक थेंबही मावत नाही, दुसरा बाहेरच जातो. मग डोळा हलकेच मिटायचा, गच्च नाही, आणि नाकाजवळचा कोपरा बोटानं दोन मिनिटं दाबून धरायचा. नळी बंद, औषध डोळ्यात. गालावर ओघळलेलं ओल्या फडक्यानं पुसायचं, नाहीतर पापणीभोवतीची कातडी काळवंडते. फ्रिजमधल्या बाटलीचा एक फायदा असा की गार थेंब आत पडला की कळतो, गालावर पडला तरी कळतो. तरीही दोन दिवस नेम चुकला, तेव्हा काकांनी काम हाती घेतलं. ते डबे पोचवायला सहाला निघतात, त्याआधी थेंब घालतात आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात दुधाच्या हिशेबाशेजारी फुली मारतात. हे त्यांनी स्वतःच सुरू केलं, आम्ही सुचवलेलं नव्हतं.

शस्त्रक्रिया की लेसर

एक सहकारी या टप्प्यावर माझ्याशी सहमत नव्हते. त्यांचा मुद्दा वजनदार आहे: ज्या रुग्णाचं औषध तीन वर्षं नियमित झालं नाही तिच्यावर विसंबायचं कशाला? ट्रॅबेक्युलेक्टमीनं पाणी निघायला नवी वाट करून द्या, थेंबांचा प्रश्नच संपला. उजव्या डोळ्याची अवस्था मध्यमाहून पुढे गेलेली, वेळ घालवण्याची चैन नाही.

माझं उत्तर असं होतं. या शस्त्रक्रियेनंतर पहिले आठवडे स्टेरॉइडचे थेंब दर दोन तासांनी घालावे लागतात, तपासणीला वारंवार यावं लागतं, आणि पांढऱ्या पडद्याखाली तयार होणाऱ्या फुग्याला जंतुसंसर्गाची भीती आयुष्यभर राहते. धुरात, मिरचीच्या खकाण्यात, दिवसभर डोळ्याला पदर लावणाऱ्या बाईत ती भीती जास्त. मोतीबिंदूही लवकर वाढतो. थेंब जमत नाहीत म्हणून करायची शस्त्रक्रिया थेंबांवरच उभी असते. आणि औषध हरलं, असं म्हणायला ते आधी दिलं गेलं पाहिजे. इथे ते दिलंच गेलं नव्हतं.

मधली वाट लेसरची. डोळ्यातलं पाणी कोनातल्या जाळीतून बाहेर पडतं. मोरीची जाळी तुंबली की पाणी साचतं, तसा इथे दाब साचतो. एसएलटी हे लेसर त्या जाळीच्या पेशींना हलकी चालना देतं. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या 'लाइट' चाचणीत ७१८ नव्या रुग्णांपैकी ज्यांना सुरुवातीलाच एसएलटी दिलं, त्यांच्यातले सुमारे तीन चतुर्थांश डोळे तीन वर्षांनंतरही थेंबांविना आटोक्यात होते. काकू नव्या रुग्ण नव्हत्या, आणि त्यांच्या डोळ्याला थेंबांविना ठेवायचा विचारही नव्हता. पण एका थेंबाच्या जोडीला लेसर, म्हणजे दुसऱ्या बाटलीची गरजच पडू नये, एवढी अपेक्षा ठेवायला ही चाचणी पुरेशी होती.

उजव्या डोळ्यासाठी १४ किंवा त्याखालचं लक्ष्य ठरवलं. नुकत्याच निदान झालेल्या रुग्णांवरच्या एका मोठ्या स्वीडिश चाचणीत दाब दर मिलिमीटरनं उतरवल्यावर आजार पुढे सरकण्याचा धोका सुमारे दहा टक्क्यांनी घटला होता. २७ आणि १४ यांच्यातलं अंतर किती मोलाचं आहे ते यावरून दिसेल.

पुढे काय झालं

या वेळी तारीख दिली नाही. महिन्यानंतर बाजाराला आलात की कधीही या, असं सांगितलं. परीक्षेचा दिवस माहीत नसेल तर अभ्यास रोजचा होतो, हे एक. आणि आम्हाला खरा आकडा हवा होता, हे दुसरं. काकू एका सोमवारी भाजी घेऊन आल्या. उजवा १८, डावा १७. एका औषधावर, एका थेंबावर. चार औषधांच्या चिठ्ठीनं जे साधलं नव्हतं, त्यातलं बहुतेक इथेच साधलं.

त्यानंतर उजव्या डोळ्याला आणि दोन आठवड्यांनी डाव्याला एसएलटी केलं. आपल्याकडच्या डोळ्यांत कोनात रंगद्रव्य जास्त असतं, म्हणून ऊर्जा कमी ठेवली आणि तासाभरानं दाब पुन्हा पाहिला, कारण लेसरनंतर तो एकदम चढू शकतो. चढला नाही. दोन महिन्यांनी दोन्ही डोळे १४.

गेल्या वर्षभरात तीन फील्ड झाली. उजवा डोळा उणे १०.६, १०.२, १०.५. डावा ४.४, ४.६, ४.३. एवढा फरक दोन चाचण्यांमध्ये रुग्णाच्या थकव्यानंही पडतो, तेव्हा याला थांबलेलं म्हणायला हरकत नाही. पण एका वर्षावर खूश होण्यासारखंही नाही. आजाराचा वेग खात्रीनं सांगायचा तर दोन वर्षांत सहाएक फील्ड लागतात. मज्जेचे जे तंतू गेले ते गेले. खडे अजून सुटतात, तांदूळ निवडायचं काम आता बहिणीच्या मुलीकडे आहे, आणि ओट्याजवळच्या उंबऱ्याला पिवळा रंग दिला आहे.

तक्रारी आहेत. पापण्यांचे केस लांब झालेत आणि डोळ्याखाली काळपट झालंय. पुसायचं राहून जातं, त्याचा तो परिणाम. मे महिन्यात फ्रिज बिघडला तेव्हा बाटली आठवडाभर फळीवर होती. ती टाकून नवी घ्यायला लावली. परिरक्षक नसलेली बाटली साध्या बाटलीपेक्षा महाग पडते. बेत बिघडला तर साध्या लॅटानोप्रोस्टवर यायला हरकत नाही, पण तिकडे वळायच्या आधी कळवा, बंद करून बसू नका, असं काकांना सांगून ठेवलं आहे.

शस्त्रक्रियेचा प्रश्न मिटलेला नाही. लेसरचा परिणाम काही वर्षांत ओसरू शकतो. उजव्या डोळ्याचा दाब लागोपाठ दोनदा १६ च्या वर गेला, किंवा पुढच्या दोन फील्डमध्ये मधल्या भागाजवळ नवी घट दिसली, तर ट्रॅबेक्युलेक्टमी करायची, हे ठरलेलं आहे आणि काकूंना तसं सांगितलं आहे. पुढचं फील्ड ऑक्टोबरच्या अखेरीस लावलं होतं. फराळाच्या ऑर्डरी असतात म्हणून त्यांनी ते भाऊबीजेनंतरच्या आठवड्यावर ढकलून घेतलं.